सहाशे फुटी बोअरला पाणी कुठून येतं?

माण, खटाव, आटपाडी, जत या भागात मार्च उजाडला की बोअरच्या गाड्यांना उसंत नसते. दोनशे फूट गेले तरी नुसता धुरळा. गाडीवाला विचारतो, "काय मालक, अजून पाच पाइप टाकू का?" मालकाचा जीव आधीच दोनशे फुटांच्या पैशात अडकलेला. "टाका. आता कुठं माघार घेता?" खोल गेलं की पाणी लागतंच, हा समज त्या उत्तरामागे असतो. आपल्या कातळात तो बहुतेक वेळा खोटा ठरतो. जिथे खरा ठरल्यासारखा वाटतो, तिथेही बऱ्याचदा ते पाणी नवं नसतं. वरच्या थरातलं, म्हणजे शेजाऱ्याच्या आणि कधीकधी स्वतःच्याच विहिरीतलं पाणी खाली उतरलेलं असतं.

हे कसं होतं ते कळायला आधी थर बघावे लागतात. आपला खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक, जवळपास आडवे. प्रत्येक थराचं अंग वरून खाली सारखं नसतं. पोटातला भाग सावकाश थंड झाला, म्हणून तो घट्ट आणि काळा. हा काळा पाषाण. वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यामुळे तो भाग जाळीदार झाला. याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. त्या पोकळ्यांमध्ये पुढे पांढरी आणि हिरवट खनिजं बसली. एक थर ओतला जाऊन दुसरा यायला बराच काळ गेला असेल, तर आधीच्या थराचं डोकं कुजून त्याची लाल माती झाली आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजून निघाली. हा गेरूचा पट्टा. कुठे चार बोटं, कुठे पुरुषभर. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट चढताना रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीत हे तांबडे पट्टे दिसतात. गावाजवळ खडीची बंद पडलेली खाण असेल तर तिथेही दिसतील, आणि तिथे गाडीखाली येण्याची भीतीही नाही.

आता यात पाणी कुठे असतं? काळ्या पाषाणाच्या अंगात नसतंच. त्याला उभ्या चिरा असतात, त्या पृष्ठभागाजवळ उघड्या असतात आणि खाली जाल तशा आवळत जातात. पाणी असतं ते मुरमात, कुजलेल्या आणि चिरा पडलेल्या मांजऱ्यात आणि दोन थरांच्या सांध्यात. पोकळ्या खनिजांनी गच्च भरलेला ताजा मांजऱ्या दिसायला जाळीदार असला तरी पाणी देत नाही. अनेकांची फसगत इथेच होते: ‘मांजऱ्या लागला, आता पाणी येणार’ म्हणून पुढे जातात आणि पन्नास फूट कोरडे निघतात. गेरू स्वतः पाणी सोडत नाही, पण वरून आलेल्या पाण्याला अडवून धरतो. म्हणून जुन्या विहिरीतला चांगला उमाळा बहुतेक वेळा गेरूच्या लगेच वर, बोटभर फटीतून सुटलेला असतो.

याच नियमाचं मोठं रूप महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर आहे. वर जांभा, तो पाणी पितो. त्याखाली चिकट मातीचा थर, तो अडवतो. मग पाणी आडवं सरकत कड्याच्या अंगाला झरा होऊन बाहेर पडतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून तिथे हे चालून जातं. माणदेशात पाचशेच्या आसपास पडतो.

त्या पाचशे मिलिमीटरचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. शासकीय भूजल अंदाजासाठी १९९७ च्या पद्धतीत जे ठोकताळे ठरले, त्यात चिरा पडलेल्या जाळीदार बेसाल्टात (बेसाल्ट म्हणजे हाच आपला लाव्ह्याचा कातळ) पावसाचा सुमारे १३ टक्के भाग मुरतो असं धरलं होतं, कुजलेल्या बेसाल्टात ७ टक्के. पाचशेचे १३ टक्के म्हणजे ६५ मिलिमीटर. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४,०५० लिटर; तेव्हा वर्षभरात एकरी मुरतं ते २ लाख ६० हजार लिटरच्या आसपास, तेही खडक चांगला असेल तर. उसाला पाटाने एक पाणी द्यायचं म्हणजे ७५ मिलिमीटर धरा, एकरी तीन लाख लिटर. वर्षाची कमाई एका पाळीलाही पुरत नाही.

साठवणही तशीच तुटपुंजी. बेसाल्टाच्या पाणी भरलेल्या थरातून निथळून हाती येणारं पाणी खडकाच्या घनफळाच्या एक ते तीन टक्के असतं. दोन धरलं तर तीन मीटर जाडीचा भिजलेला थर एकरी २ लाख ४० हजार लिटर देतो आणि संपतो. ‘माझ्या रानातलं पाणी’ असं काही नसतं. ज्याची विहीर जास्त उपसते, त्याच्याकडे आजूबाजूच्या रानांचं पाणी सांध्यातून सरकत येतं, एवढंच.

विहिरीची भिंत वाचायला मे महिना उत्तम, कारण तेव्हा भिंत उघडी पडते. आधी पाणी उपसून तळ दिसू द्या. मग टेप काठावरून सोडून वरून खाली नोंद करा: माती किती फूट, मुरूम किती, मऊ मांजऱ्या, काळा पाषाण, गेरू, पुन्हा मांजऱ्या. रंगावर जाऊ नका, भिंतीवर शेवाळ आणि क्षार चढून सगळं सारखं दिसतं. हातोडीने टोका मारा. काळा पाषाण खणखणतो, मांजऱ्या भदभद वाजतो, गेरू नखाने निघतो आणि ओला केला की बोटांना साबणासारखा लागतो. ओल कुठे आहे ते फुटात लिहा, आणि ती विहिरीच्या कोणत्या अंगाला आहे तेही. उमाळा एकाच बाजूने येत असेल तर तिकडेच पाझर तलाव, ओढा किंवा कालवा आहे का बघा. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी ओढ्यात सोडलं की आठ-पंधरा दिवसांत ज्या विहिरी चढतात, त्यांचे उमाळे याच पद्धतीने सापडतात.

यानंतर भराव, म्हणजे उपसलेली विहीर किती वेगाने भरते, ते मोजायचं. समजा विहीर ३० फूट व्यासाची आहे, म्हणजे तळाचं क्षेत्र साधारण ६५ चौरस मीटर. पाणी एक मीटर चढलं म्हणजे ६५ हजार लिटर आलं. पंप बंद केल्याची वेळ लिहा, दर अर्ध्या तासाला पातळी मोजा. चार तासांत मीटरभर चढली तर आवक ताशी सोळा हजार लिटर. पाच एचपीचा पंप वीस मीटर उंचीवर ताशी तीस-पस्तीस हजार लिटर फेकतो. म्हणजे दोन तास चालवला तर दोनेक तास थांबायला लागणार, आणि साडेसातचा बसवला तर आवक वाढणार नाही, फक्त तळ लवकर उघडा पडेल. मोजणी पातळी उमाळ्याच्या खाली असतानाच करा. पाणी उमाळ्याच्या वर गेलं की दाब कमी होतो आणि चढण्याचा वेग आपोआप मंदावतो. मग ‘विहीर दमली’ असा उगाच निष्कर्ष निघतो.

भिंतीची ही नोंद हाताशी असेल तर विहिरीच्या भिंतीत आडवे बोअर कुठे मारायचे ते ठरवता येतं. आडव्या बोअरचं यंत्र तळावर बसवायला सोपं, म्हणून कारागीर तळाशी, काळ्या पाषाणात शंभर फूट मारून मोकळे होतात आणि त्यातून थेंब येत नाही. बोअर सांध्याच्या पातळीला हवा, जिथे ओल दिसली तिथे किंवा त्याच्या वितभर वर, तोंडाकडे किंचित उतार ठेवून, म्हणजे पाणी आणि चुरा दोन्ही बाहेर येतील. भिंतीतल्या उभ्या चिरा पूर्व-पश्चिम जात असतील तर बोअर उत्तरेला किंवा दक्षिणेला मारा; चिरांना समांतर मारलेला बोअर एकाही चिरेला छेदत नाही. गेरूत मात्र मारू नका. तो फुगतो आणि पावसाळा संपेपर्यंत भोक बुजतं.

आता उभा बोअर. साडेसहा इंची भोकातून हवेच्या दाबाने जो चुरा वर येतो, तो खडकाची जबानी असते आणि बहुतेक ठिकाणी ती वाऱ्यावर उडून जाते. दर दहा फुटांचा मूठभर चुरा वेगळ्या पिशवीत भरून पिशवीवर खोली लिहायला एक पोरगं पुरतं. राखाडी बारीक पीठ म्हणजे काळा पाषाण. तांबूस-जांभळट चुरा आणि त्यात पांढरे कण म्हणजे मांजऱ्या. विटकरी चुरा, आणि पाणी मारल्यावर त्याचा गोळा होत असेल, तर गेरू. पाइप एकदम झटक्याने वितभर खाली गेला तर सांधा किंवा फट. ती खोली हमखास लिहा. केसिंग, म्हणजे वरचा मुरूम ढासळू नये म्हणून बोअरमध्ये बसवतात तो पाइप, मुरूम संपून पक्क्या खडकात दोन-तीन फूट रुतेपर्यंत घाला. गाडीवाले वीस फुटांवर थांबवायला बघतात, कारण पुढचं केसिंग मालकाच्या खिशातून असलं तरी वेळ त्यांचा जातो. मुरूम सुटून पंपावर बसला की मोटार, केबल, पाइप सगळं आत राहतं. गेरूचा जाड पट्टा लागला असेल तर तिथेही हेच होऊ शकतं, फक्त जरा उशिरा.

पाणी किती लागलं हे गाडीवाला इंचात सांगतो, आणि इथे भलता घोळ आहे. पत्र्याला काटकोनात इंग्रजी व्हीसारखी खाच पाडून त्यातून पाणी सोडलं, तर खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह निघतो. एक इंच उंची म्हणजे ताशी साधारण ५०० लिटर. दोन इंच म्हणजे हजार नव्हे, जवळजवळ २,९००. तीन इंच म्हणजे ८,००० आणि चार इंच म्हणजे १६,००० च्या पुढे. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीहून जास्त होतं. त्यामुळे ‘एक-दीड इंच’ आणि ‘अडीच इंच’ यांत मोटारीच्या निवडीपासून पिकाच्या आखणीपर्यंत सगळं बदलतं. नजरेने सांगितलेला इंच मानू नका. पत्र्याची खाच आणि मोजपट्टी यांना शंभर रुपयेही लागत नाहीत, आणि मोजणी गाडी हलण्याआधी किमान तासभर सलग हवा सोडून करा. पहिल्या दहा मिनिटांत जे उसळतं ते चिरांत साठलेलं असतं.

मुद्द्याचा भाग यापुढे आहे. बोअरने वरचा पाण्याचा सांधा छेदला, त्याखालचा गेरू फोडला आणि तो खालच्या कोरड्या चिरांत गेला, की गेरूने पिढ्यान्‌पिढ्या तोलून धरलेलं पाणी त्या साडेसहा इंची भोकातून खाली पडायला लागतं. रात्री सगळं शांत असताना केसिंगला कान लावा. आत पाणी पडल्याचा आवाज येत असेल आणि बोअरची पातळी शंभर फूट अंतरावरच्या विहिरीपेक्षा बरीच खाली असेल, तर वरचं पाणी गळतंय यात शंका नको. मोटार दीडशे फूट खोलीवर आणि पाणी चाळीस फुटांवरच्या सांध्याचं, असा हा प्रकार. दोन-तीन उन्हाळे बोअर छान चालतो, मग विहिरी आटतात, मग बोअरही. त्यावर उपाय म्हणून आणखी खोल बोअर.

आणि खाली समुद्र आहे हेही डोक्यातून काढलेलं बरं. कोयना भागातल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी रासाटीजवळ जे विवर घेतलं, त्यात ९३३ मीटरच्या आसपास बेसाल्ट संपला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना पाया लागला. मध्ये ना वाळूचा थर, ना गाळाचा खडक. या कामाची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. खोल फटी असतात, नाही असं नाही. पण त्या पावसाशी जोडलेल्या नसतील तर एकदा उपसून संपतात. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरच्या पुढच्या विहिरीला ‘खोल विहीर’ म्हणून वेगळं काढलं, ते उगीच नाही.

हाच प्रश्न भूमिगत खाणीत जिवावरचा होतो. आपल्याकडे खाण म्हणजे दगडाची उघडी खाण. पण चंद्रपूर-यवतमाळकडे वर्धा खोऱ्यात जमिनीखाली कोळसा काढतात, तिथली रचना उलटी आहे. कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्म आहे, आणि त्याच्या कणाकणांमध्ये पाणी आहे. आपल्या कातळासारखं ते फक्त सांध्यात नसतं, त्यामुळे साठा मोठा. खाणीत आधी कोळशाचे खांब ठेवून गल्ल्या काढतात, तेव्हा छत टिकून असतं आणि पाणी झिरपण्यापुरतं येतं. मग खांब काढायला घेतले की छत मागे कोसळतं, चिरा वर चढत जातात, आणि त्या वालुकाश्माला भिडल्या तर पंपांचा हिशेब एका रात्रीत चुकतो. म्हणून छतात किती जाडीचा, कोणत्या जातीचा खडक आहे, मध्ये पाणी अडवणारा चिकणमातीचा थर शाबूत राहणार का, हे खांबांना हात लावण्याआधी ठरवतात. त्या मातीच्या थराचं तिथलं काम आपल्या गेरूसारखंच.

वरच्या पाण्यापेक्षाही भयंकर असतं शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत साचलेलं पाणी. धनबादजवळ चासनाळा खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला असंच पाणी फुटून आत आलं आणि ३७५ माणसं गेली. कोळसा खाणींच्या नियमांत म्हणून जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी तोंडाच्या पुढे आधी लांब भोकं पाडून पाणी चाचपायला लागतं. हे सगळं जुन्या नकाशावर अवलंबून. नकाशात गल्ली जिथे संपलेली दाखवली, त्याच्या पुढे वीस मीटर कोळसा काढलेला असेल आणि ते कागदावर उतरलंच नसेल, तर सगळे नियम पाळूनही घात होतो.

बोगद्यातही पुढे भोक पाडून चाचपणं आलंच. आपल्या कातळात खोदताना त्रास देतो तो पुन्हा गेरू: उघडा पडल्यावर हवा आणि ओल लागून काही तासांत सुटायला लागतो, म्हणून त्यावर लगेच सिमेंटचा फवारा मारतात. त्याच्या लगतच्या सांध्यातून पाणी आलं तर भोकातून सिमेंटचं पातळ पाणी दाबाने भरून सांधा बुजवतात. कोयनेला १३ मार्च १९९९ ला जे लेक टॅपिंग झालं, त्यात बोगदा धरणाच्या पाण्याखाली आणून शेवटचा कातळाचा तुकडा राखला आणि तो एकाच स्फोटात उडवला. तोवर त्या तुकड्यातल्या चिरांतून पाणी आत येऊ न देणं हे खरं कसब. २५ एप्रिल २०१२ ला हाच प्रयोग पुन्हा झाला. बोगद्यात सांधा बुजवला नाही, नुसता नळ काढून पाणी बाहेर सोडलं, तर काम सुरळीत होतं, पण वर डोंगरातल्या वाडीचा झरा जातो. वाडीला कारण कळायला कधीकधी दोन उन्हाळे जातात.

शेतातला कोरडा किंवा गळका बोअर मात्र आपल्याला बुजवता येतो, आणि त्यात फार पैसा नाही. चुऱ्याच्या पिशव्यांवरून गेरूची खोली काढा. पिशव्या नसतील तर जवळच्या विहिरीच्या भिंतीत गेरू किती फुटांवर आहे ते बघा आणि दोन्ही जागांच्या जमिनीच्या उंचीतला फरक वजा-अधिक करा. थर आडवे असल्याने थोड्या अंतरात हे चालतं. मोटार, केबल, दोर आधी बाहेर काढा. साडेसहा इंची बोअर फुटाला साडेसहा लिटर खातो, म्हणजे शंभर फुटांना ६५० लिटर. खालचा भाग स्वच्छ बारीक खडीने भरत आणा, पण वरून एकदम पाट्या ओतू नका. खडी मध्येच कुठल्यातरी खडकाच्या ओठावर अडकते, बोअर भरल्यासारखा दिसतो आणि खाली पोकळ राहतो. दोराला वजन बांधून सारखी खोली मोजत जा. शंभर फुटांत दोनशेच लिटर गेली आणि दोर वर थांबला तर अडकली समजा, आणि लोखंडी पाइपने ठोकून खाली सारा.

गेरूच्या पाच-सहा फूट खाली आलात की थांबा. दोन फूट चिकणमातीचे गोळे टाकून ठोका. मग सिमेंट: एका पोत्याला २५ लिटर पाणी, मिसळून साधारण ४१ लिटर गारा होतो, म्हणजे सहा फूट. गेरूची जाडी आणि दोन्हीकडे चार-चार फूट भरायचे तर दोन-तीन पोती. गारा वरून ओतला तर बोअरच्या पाण्यात विरघळून जातो, म्हणून इंची पाइप तळापर्यंत सोडून त्यातून घाला आणि गारा वर येईल तसा पाइप उचला, पण तोंड गाऱ्यातच बुडलेलं ठेवा. दुसऱ्या दिवशी वजन सोडून बघा. सिमेंट खाली बसलेलं असेल तर अर्धं पोतं आणखी घाला. वरचा भाग खडीने भरला तरी चालेल, किंवा तसाच ठेवून पातळी मोजायला वापरा. तसा ठेवलात तर केसिंगवर जाड पत्र्याचं झाकण वेल्डिंग करून घ्या आणि त्यात टेप जाईल एवढंच भोक ठेवा.